जुन्या मॅन्युअल गाडीच्या गिअरबॉक्सला नेमकं कुठलं तेल घालावं?

दुसरा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी १९८९ ची. आधी वडील चालवायचे, गेली सहा वर्षं माझ्या हातात आहे. इंजिन पुढे, ओढणारी चाकं मागची. पाच गिअरचा बॉक्स, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) वेगळं.

सकाळी गाडी काढली की पहिली दहा-पंधरा मिनिटं दुसरा गिअर पडत नाही. जोर लावला तर खर्र करून पडतो. तिसरा त्यातल्या त्यात बरा, चौथ्या-पाचव्याची तक्रार नाही. गाडी तापली की दुसरा पडायला लागतो, पण तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना आवाज होतोच.

हे आधी नव्हतं. चार महिन्यांपूर्वी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल, दोन्हींचं तेल बदलून घेतलं आणि तेव्हापासून सुरू झालं. बदलणाऱ्याने दोन्हींत ८५डब्ल्यू-१४० जीएल-५ भरलं (आकडे तेलाच्या जाडीचे, जीएल ही तेलाची श्रेणी). जुन्या गाडीचे दात झिजलेले असतात, तिला जाडच तेल लागतं, असं त्याचं म्हणणं. मलाही ते पटलं होतं.

काल माळ्यावर गाडीचं मूळ पुस्तक सापडलं. त्यात गिअरबॉक्ससाठी एपीआय जीएल-४, एसएई ८०डब्ल्यू, १.६ लिटर असं लिहिलंय. डिफरन्शियलसाठी जीएल-५, एसएई ९०.

दुकानात गेलो तर साधं '८०डब्ल्यू' लिहिलेला डबा एकही नाही. ७५डब्ल्यू-८०, ७५डब्ल्यू-९०, ८०डब्ल्यू-९० असे होते. काहींवर जीएल-४, काहींवर जीएल-५, एकावर दोन्ही. एकावर नुसतं 'मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड'. रिकाम्या हाताने परत आलो. आता आणखी चुकीचं काही भरायचं नाहीये. यातलं कुठलं घेऊ? आणि चार महिन्यांत आतलं काही कायमचं खराब झालं असेल का?

ग्रीसगन

पुस्तक सापडलं हे फार बरं झालं. निम्मं उत्तर त्यातच आहे.

पण तेल घ्यायच्या आधी क्लच तपासून घ्या. क्लच पूर्ण सुटत नसेल तरी गिअर असेच अडतात, आणि माणूस उगाच तेलं बदलत बसतो. गाडी उभी, इंजिन चालू, न्यूट्रल. क्लच तळापर्यंत दाबा, चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. जुन्या बॉक्समध्ये रिव्हर्सला बहुतेक वेळा सिंक्रो रिंग (गिअर पडण्याआधी वेग जुळवणारं कडं) नसते. क्लच नीट सुटत असेल तर एवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. सुटत नसेल तर शाफ्ट फिरतच राहतो आणि कितीही थांबलात तरी कर्र करणार.

दुसरी खूण म्हणजे इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. बंद असताना सगळे पडतात आणि चालू असताना सगळेच अडतात, असं असेल तर क्लचकडे बघा. एखादाच गिअर अडत असेल तर रिंग किंवा तेल.

हे करून इथे कळवा.

वंगण_विचार

आकड्यांचा गोंधळ आधी सोडवतो, कारण सगळं तिथेच अडलंय.

गिअर ऑइलचे आकडे एसएई जे३०६ या मानकातून येतात. इंजिन ऑइलचे येतात जे३०० मधून. दोन वेगळ्या फूटपट्ट्या आहेत. त्यामुळे 'इंजिनमध्ये ४० आणि गिअरबॉक्समध्ये ९०, म्हणजे गिअरबॉक्सचं दुपटीहून जाड' हा हिशेब चूक. १०० अंश सेल्सियसला ९० नंबरचं गिअर ऑइल १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक (तेलाच्या जाडीचं माप) असतं. त्याच तापमानाला ४० नंबरचं इंजिन ऑइल १२.५ ते १६.३. म्हणजे जवळजवळ सख्खे शेजारी.

आता तुमचं पुस्तक. त्या काळच्या पट्टीत ८०डब्ल्यू म्हणजे १०० अंशांना किमान ७ सेंटिस्टोक. आजच्या डब्यावर ७५डब्ल्यू-८० असेल तर त्यातला ८० सांगतो की गरम असताना ते ८.५ ते ११ च्या मध्ये राहील. तुमच्या आत सध्या जे आहे त्यातला १४० म्हणजे २४ ते ३२.५. गाडी पूर्ण तापल्यावरसुद्धा ते पुस्तकातल्या तेलाच्या सुमारे तिप्पट जाड. आणि गार असताना?

गार अवस्थेचं 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा सांगतो. तेल घट्ट होत होत दीड लाख सेंटिपॉइजवर (हेही जाडीचंच माप) पोचेपर्यंत किती थंडी सोसतं, त्यावरून तो ठरतो. ८५डब्ल्यू ती मर्यादा उणे १२ अंशांना गाठू शकतं. ८०डब्ल्यूला उणे २६ पर्यंत मुभा आहे, ७५डब्ल्यूला उणे ४० पर्यंत. तुमच्याकडे उणे तापमान नसेलही, पण कल तोच राहतो. सकाळी ८५डब्ल्यू-१४० काकवीसारखं असतं, आणि त्यात सिंक्रो रिंगने काम करावं अशी आपली अपेक्षा.

जुनी पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी एक जोड. २००५ च्या आधी ९० ची पट्टी १३.५ पासून थेट २४ पर्यंत होती. त्या वर्षी ती तोडून ९० आणि ११० असे दोन नंबर केले. म्हणून १९८० च्या दशकातल्या पुस्तकातला ९० आणि आजच्या डब्यावरचा ९० तंतोतंत एक नाहीत. आजचा ९० हा जुन्या पट्टीचा पातळ भाग आहे.

दुसरा_गिअर

@ग्रीसगन, आत्ताच करून आलो. चार सेकंद थांबून रिव्हर्स टाकला, काही आवाज नाही. तीनदा केलं, तिन्ही वेळा गुपचूप. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात, फक्त सकाळी काठी एकूणच जड लागते, जणू चिखलातून ओढतोय.

@वंगण_विचार, तिप्पट जाड? हे वाचून पोटात गोळा आला. जीएल-४ आणि जीएल-५ चंही असंच सोपं करून सांगाल का? मला वाटायचं ५ म्हणजे ४ ची सुधारलेली आवृत्ती.

तेलकट_हात

हे मी सांगतो. तीस वर्षं गिअरबॉक्स उघडतोय, आणि या एका गैरसमजापायी जेवढ्या रिंगा टाकून द्याव्या लागल्या तेवढ्या दुसऱ्या कशापायीच नाहीत.

४ आणि ५ या पायऱ्या नाहीत, ती दोन वेगळी कामं आहेत.

मागच्या डिफरन्शियलमध्ये क्राउन-पिनियन असतं, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची जोडी. तुमच्यासारख्या गाड्यांत ते हायपॉइड जातीचं. पिनियनचा आस क्राउनच्या मध्यातून जात नाही, खाली सरकवलेला असतो. त्यामुळे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतातही. तिथे दाब एवढा असतो की तेलाचा थर तुटतो आणि लोखंड लोखंडाला भिडतं. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं भरपूर घालतात. दात तापले, दाब आला की ही द्रव्यं लोखंडाशी संयोग पावून वर एक पातळ पापुद्रा धरतात. घर्षणात तो पापुद्रा जातो, दात वाचतो. पापुद्रा परत धरतो. जीएल-४ मध्ये हीच द्रव्यं ढोबळमानाने निम्मी.

आता गिअरबॉक्स बघा. तिथे दात तिरपे कापलेले पण समांतर शाफ्टांवरचे, घासत सरकणं बरंच कमी. तिथे गंधकाचा एवढा मारा लागतच नाही. उलट तिथे सिंक्रो रिंग आहे, आणि जुन्या गाड्यांत ती बहुतेक पितळेची किंवा काशाची.

ही रिंग करते काय? तुम्ही काठी दुसऱ्याकडे ढकलता तेव्हा रिंग गिअरच्या शंकूवर दाबली जाते आणि त्याला घासून वेग जुळवते. ब्रेकच म्हणा ना. वेग जुळेपर्यंत तिचे दाते स्लीव्हला (सरकून गिअर जोडणाऱ्या कड्याला) अडवून धरतात, जुळला की वाट देतात. म्हणजे ज्या बॉक्समध्ये बाकी सगळीकडे घर्षण नको, तिथे या एका जागी घर्षण हवंच. रिंगच्या आत बारीक आट्यांसारख्या खाचा असतात, त्या शंकूवरचं तेल कापून बाजूला सारतात. तेल भलतंच जाड असेल तर ते वेळेत बाजूला जात नाही. तेलातली द्रव्यं भलतीच निसरडी असतील तर तेल बाजूला जाऊनही रिंग पकडत नाही. तुमच्या बॉक्समध्ये दोन्ही एकदम चालू आहे.

तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना आवाज का, तेही यात आलं. खाली येताना रिंगला शाफ्टचा वेग वाढवावा लागतो, आणि जाड तेल त्याला मागे ओढतं. वर जाताना वेग कमी करायचा असतो, तिथे तेलाची ओढ थोडी मदतच करते. म्हणून खालचा गिअर जास्त बोंबलतो.

सरळ_रस्ता

मला एक शंका आहे. माझ्या गाडीत गेली दहा वर्षं गिअरबॉक्सला जीएल-५ ७५डब्ल्यू-९० आहे, गिअर लोण्यासारखे पडतात. 'जीएल-५ पितळ खातं' असं सगळे म्हणतात, मग माझ्या रिंगा कशा टिकल्या? भीती जरा जास्तच घातली जाते असं माझं मत.

तेलकट_हात

गाडी कुठल्या रचनेची आहे? इंजिन पुढे उभं (गाडीच्या लांबीच्या दिशेने) आणि डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात, असं आहे का?

सरळ_रस्ता

हो. सुबारू आहे.

तेलकट_हात

मग तुमचं तेल बरोबर आहे. सुबारूच्या बॉक्समध्ये पुढचं हायपॉइड डिफरन्शियल आणि गिअर एकाच तेलात बुडलेले असतात. हायपॉइडला जीएल-५ लागतंच, म्हणून कंपनीने रिंगा त्या तेलावर चालतील अशा ठेवल्या आणि पुस्तकातही जीएल-५ लिहिलं. तुम्ही जीएल-४ भरलं असतं तर क्राउन-पिनियन धोक्यात आलं असतं. याच्या उलट, इंजिन आडवं बसवलेल्या पुढच्या चाकांच्या गाड्यांतही डिफरन्शियल बॉक्समध्येच असतं, पण तिथे साधे तिरपे दात असतात, हायपॉइड नसतं. त्यांना जीएल-४ किंवा त्याहून हलकं पुरतं.

मित्राच्या गाडीला काय चाललं हे म्हणून विचारू नये. त्याच्या बॉक्सच्या पोटात काय आहे ते विचारावं.

वंगण_विचार

पितळ खाण्याबद्दल माझं मत थोडं सौम्य आहे, तेही नोंदवतो. गंधकाची सक्रिय द्रव्यं तांब्याच्या मिश्रधातूंवर हल्ला करतात हे खरं. त्यासाठी चाचणीच आहे, एएसटीएम डी१३०. घासून लख्ख केलेली तांब्याची पट्टी गरम तेलात ठेवतात, गिअर ऑइलला सहसा १२१ अंशांवर ३ तास, आणि मग पट्टी किती काळवंडली ते १ ते ४ च्या श्रेणीत मोजतात. १ म्हणजे जेमतेम डाग, ४ म्हणजे काळी ठिक्कर. आजची बरीच जीएल-५ तेलं यात पूर्वीपेक्षा सुसह्य आहेत. त्यामुळे चार महिन्यांत रिंग विरघळली असेल असं मला वाटत नाही.

मोठा तोटा @तेलकट_हात म्हणाले तोच. रिंग पकडत नाही, घसरत राहते. दर वेळी वेग जुळायच्या आत स्लीव्ह दात्यांवर आपटते आणि दाते बोथट होतात. आवाज होऊनही जोर लावून गिअर टाकत राहिलात तर नुकसान तुमच्या मनगटाने होतंय. तेल बदलेपर्यंत सकाळी दुसऱ्यात जाताना न्यूट्रलला क्षणभर थांबा, नाहीतर दोनदा क्लच दाबून टाका.

डब्याच्या मागे किंवा तेलाच्या तांत्रिक पत्रकात डी१३० चा निकाल आणि १०० अंशांचा सेंटिस्टोक आकडा बऱ्याचदा दिलेला असतो. समोरच्या रंगीत चित्रापेक्षा तो वाचा.

धुक्यातली_वाट

विषयाला जोडून विचारते. माझ्याकडे जुनी होंडा आहे, १९९० च्या आसपासची. तिच्या पुस्तकात गिअरबॉक्ससाठी इंजिन ऑइल लिहिलंय, १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०. मला ती छपाईची चूक वाटली होती आणि मी ७५डब्ल्यू-९० भरायला निघाले होते. आता वाचून थांबले आहे.

ग्रीसगन

थांबलात ते उत्तम. चूक नाहीये ती. होंडाच्या त्या काळातल्या बऱ्याच मॅन्युअल बॉक्सना इंजिन ऑइलच सांगितलेलं असे. पुढे कंपनीने स्वतःचं खास मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड काढलं आणि जुन्या गाड्यांनाही ते चालतं म्हणून सांगितलं. तुम्ही ते घेतलंत तर उत्तमच.

१९५९ साली आलेल्या मूळ मिनीत तर गिअरबॉक्स इंजिनच्या तळातच आहे, दोघांना एकच तेल. तिथे गिअर ऑइल ओतलं तर ते इंजिनात जाईल. काही जुन्या पाच गिअरच्या बॉक्सना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल, एटीएफ, सांगितलेलं असतं. म्हणून 'गिअरबॉक्स आहे म्हणजे गिअर ऑइल' हे गृहीत धरू नका.

लांबचा_पल्ला

माझ्या आजोबांच्या काळातल्या एका गाडीवर काम चालू आहे. तिला सिंक्रो नाहीतच, सगळे गिअर दोनदा क्लच दाबून टाकावे लागतात. तिला काय?

तेलकट_हात

सिंक्रो नसलेल्या जुन्या बॉक्सना मूळ सूचना बहुधा साध्या खनिज तेलाची असते, आजच्या भाषेत जीएल-१, त्यात दाबाची द्रव्यं नसतात. जाड तेल तिथे शोभतं, कारण तेलाची ओढ शाफ्टला हळू करायला मदत करते आणि घसरायला रिंगच नसते. पण शाफ्टांखाली पितळेच्या बुशी असण्याची शक्यता मोठी. म्हणून जीएल-५ तिथेही नको. जीएल-२ आणि जीएल-३ या श्रेणी आता बाद आहेत, पुस्तकात दिसल्या तर गोंधळू नका. एमटी-१ नावाची एक श्रेणी सिंक्रो नसलेल्या बॉक्ससाठीच आहे, पण ती मोठ्या ट्रक-बसच्या विचाराने केलेली.

तुमची गाडी कुठल्या सालची आहे ते वेगळा धागा काढून सांगा. मला त्यात मनापासून रस आहे.

दुसरा_गिअर

सगळ्यांचे आभार. खूप शिकलो. आता निर्णयावर येऊ या. माझ्या बॉक्सला ७५डब्ल्यू-८० जीएल-४ घेऊ की ७५डब्ल्यू-९० जीएल-४? आणि तो दोन्ही श्रेणी लिहिलेला डबा?

वंगण_विचार

पुस्तकाच्या सर्वांत जवळचं ७५डब्ल्यू-८० जीएल-४. तेच घ्या. पस्तीस वर्षांची बेअरिंगं आहेत, म्हणून मनाला ९० बरं वाटत असेल तर ७५डब्ल्यू-९० जीएल-४ ही दुसरी पसंती, पण सकाळचा त्रास तेवढा पूर्ण जाणार नाही. आधी ८० वर चालवून पाहा. गरम असताना घरघर वाढली तर पुढच्या वेळी ९० वर जाता येईल.

दोन्ही श्रेणी लिहिलेल्या डब्याबद्दल: जीएल-५ च्या कसोटीला उतरायचं तर दाबाची द्रव्यं त्या प्रमाणात असावीच लागतात. काही तेलं पितळाला जपणारी द्रव्यं घालून हा मेळ बऱ्यापैकी साधतात. पण रिंगची पकड कशी राहील हे त्या लेबलवरून कळत नाही. ज्या गाडीला नुसतं जीएल-४ सांगितलंय आणि नुसतं जीएल-४ मिळतंय, तिथे तडजोड कशाला?

डिफरन्शियलला मात्र जीएल-५ च. तिथे पुस्तकात ९० आहे. ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० जीएल-५ चालेल. जर तिथे लिमिटेड-स्लिप (एकच चाक मोकळं फिरत राहू नये म्हणूनची रचना) असेल तर तिच्या क्लच-चकत्यांसाठी वेगळं द्रव्य मिसळलेलं तेल लागतं, ते पुस्तकात बघून घ्या. आत्ता तिथलं १४० लगेच काही बिघडवणार नाही, पण सवडीने बदला.

हातपाना

तेल काढायला बसाल तेव्हा एक गोष्ट माझ्यासाठी पाळा. भरायचा प्लग आधी उघडा, खालचा ड्रेन नंतर.

मी उलटं केलं होतं. सगळं तेल काढलं आणि मग भरायचा प्लग हलेना. चौकोनी खाच गोल होऊन गेली. रिकाम्या बॉक्सची गाडी दोन आठवडे स्टँडवर उभी राहिली, ओढून नेण्याचीही सोय नव्हती. आधी वरचा उघडून पाहिला असता तर जुन्या तेलावर गाडी चालवत नेऊन तो काढून घेता आला असता.

बाकी छोट्या गोष्टी. दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवून तेल कोमट करा, पण हात भाजेल इतकं नको. चारही बाजूंनी गाडी समपातळीत हवी. नुसतं पुढून उचललंत तर पातळी चुकते आणि तेल कमी भरलं जातं. नुसत्या जॅकवर खाली शिरू नका, स्टँड लावा. प्लगचा वॉशर नवा टाका. भरताना तेल प्लगच्या भोकातून ओघळायला लागलं की थांबा, ओघळ पूर्ण थांबू द्या आणि मग प्लग बसवा. निघालेलं तेल मोजा. पुढच्यांना त्यावरून बरंच सांगता येतं.

आणि हो, ते तेल गटारात नको. बंद डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या.

दुसरा_गिअर

रविवारी सकाळ मोडून हे काम केलं. सगळं सविस्तर लिहितो.

भरायचा प्लग आधी उघडला. @हातपाना, तुमची आठवण काढतच. कालपासून गंज सुटायचा फवारा मारून ठेवला होता, तरी लांब दांडी लावावी लागली. ड्रेनखाली स्वच्छ ट्रे ठेवला. तेल मधाच्या धारेसारखं आलं, अर्धा तास ठिबकत होतं. मोजलं तर १.१ लिटर. पुस्तकात १.६ आहे! म्हणजे एक तर कमी भरलं होतं किंवा कुठूनतरी गळलंय. खालून पाहिलं, मागच्या सीलपाशी ओलसर आहे पण थेंब धरलेला नाही.

प्लगवर चुंबक आहे. त्यावर करड्या रंगाचं मऊ लोण्यासारखं काहीतरी होतं, बोटांत चोळलं तर खडा लागला नाही. ट्रेमधल्या तेलात उन्हात धरल्यावर बारीक सोनेरी चमक दिसते. मोठा तुकडा एकही नाही. पाणी नाही, दुधाळ रंग नाही.

ती सोनेरी चमक बघून जीव खाली-वर होतोय.

तेलकट_हात

करडा मऊ लेप म्हणजे रोजची झीज, तो प्रत्येक जुन्या बॉक्समध्ये निघतो. चिंता कधी करायची? सुईसारखे, खवल्यासारखे किंवा दाताचा कोपरा ओळखू येईल असे लोखंडी तुकडे निघाले तर. तसं काही नाहीये.

सोनेरी चमक रिंगेची. चुंबकाला ती चिकटत नाही, म्हणून तेलात तरंगते. थोडी नेहमीच असते. तुमच्याकडे चार महिन्यांच्या तेलात दिसते म्हणजे रिंग झिजत होती हे खरं, पण झिजून संपली असं त्यावरून ठरत नाही. आता योग्य तेलावर ती कशी वागते ते बघायचं.

अर्धा लिटर कमी तेल हे मात्र मला जाड तेलाइतकंच गंभीर वाटतं. वरचे गिअर आणि बेअरिंगं उडणाऱ्या तेलावर जगतात. मागचं सील पुसून कोरडं करा, आठवड्याने पुन्हा बघा.

आणि एक काम करा. जुनं जाड तेल कोपऱ्याकोपऱ्यात चिकटून राहतं, सगळं कधीच निघत नाही. नव्या तेलावर तीनेकशे किलोमीटर चालवा, पुन्हा काढा, पुन्हा तेच ताजं भरा. रॉकेल वा डिझेलने धुवायच्या भानगडीत पडू नका, ते आत राहिलं तर नवं तेल पातळ करतं.

लांबचा_पल्ला

बेअरिंग तपासायचं असेल तर आत्ताच कान लावून ठेवा, नंतर तुलना करता येते. न्यूट्रलला, क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर पुढच्या मुख्य शाफ्टच्या किंवा खालच्या शाफ्टच्या बेअरिंगकडे बोट जातं. उलट, क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे क्लच सोडवणारं बेअरिंग. मागच्या चाकांच्या जुन्या गाड्यांत चौथा गिअर सहसा थेट असतो, खालच्या शाफ्टवर भार येत नाही. बाकी गिअरांत आवाज आणि चौथ्यात शांतता, असं असेल तर खालचा शाफ्ट.

जाड तेल हे आवाज झाकून ठेवतं. विकायच्या गाडीत मुद्दाम जाड तेल भरतात ते त्यासाठीच. म्हणून पातळ तेल भरल्यावर नवा आवाज ऐकू आला तर तेलाने बिघाड केला असं समजू नका, तो आधीपासून होता.

दुसरा_गिअर

तीन आठवड्यांनी परत आलोय. ७५डब्ल्यू-८० जीएल-४, दोनदा भरलं, मध्ये ३२० किलोमीटर. दुसऱ्या वेळी निघालेलं तेल बरंच पातळ होतं, सोनेरी चमक अगदी थोडी. डिफरन्शियलमध्ये ८०डब्ल्यू-९० जीएल-५ भरलं. तिथे लिमिटेड-स्लिप नाही, पुस्तकात पाहिलं.

पहिल्या सकाळी काठी दुसऱ्याकडे नेली आणि ती नुसती गेली. मी गाडी बाजूला घेऊन थांबवली आणि पुन्हा पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करून पाहिलं. वडील शेजारी बसले होते. ते म्हणाले, "ही आता माझी गाडी वाटतेय."

राहिलेली गोष्टही सांगतो. गरम गाडीत, जरा वेगात असताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर घाईने आलो तर अजून बारीक कर्र होतं. दर वेळी नाही, दहात दोनदा. हलकेच टाकला किंवा मध्ये थोडा रेस दिला तर होत नाही. क्लच सोडून न्यूट्रलला किंचित घरघर आहे, दाबला की जाते. ती आधी ऐकू येत नव्हती. मागच्या सीलपाशी आठवडाभराने पुन्हा ओल आली, पण पातळी तपासली तर भरायच्या भोकापर्यंत तेल आहे.

तेलकट_हात

फार छान काम केलंत. गरम असताना घाईत होणारा कर्र हा आता तेलाचा दोष नाही, दुसऱ्याची रिंग झिजली आहे. तो कुठल्याच डब्याने जाणार नाही, कोणी वरून टाकायची बाटली सुचवली तरी घेऊ नका. पण त्यासाठी आज बॉक्स खाली उतरवायची गरज नाही. आवाजाची वारंवारता लक्षात ठेवा. दहात दोनचे दहात सहा झाले, किंवा गिअर आपोआप निसटायला लागला, तर उतरवा. उतरवाल तेव्हा दुसरा-तिसरा दोन्हींच्या रिंगा, पुढचं बेअरिंग आणि मागचं सील एकदमच बदला. बॉक्स खाली काढायची मेहनत तेवढीच लागते.

तोपर्यंत महिन्यातून एकदा भरायचा प्लग उघडून करंगळी आत घाला. तेल बोटाला लागलं पाहिजे.

दुसरा_गिअर

हो काका, महिन्याची पहिली तारीख ठरवून टाकली. आणि पुस्तकाच्या त्या पानाची प्रत काढून डिकीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे. पुढे ही गाडी ज्याच्या हातात जाईल त्याला १.६ लिटर, जीएल-४ हे शोधत बसावं लागू नये.

धुक्यातली_वाट

माझ्या होंडाचंही काल झालं, खास फ्लुइडवर. तिसरा गिअर आता ओढावा लागत नाही. भरायचा प्लग आधी उघडला होता.